बघणारा उशिरा आला

फ्रान्सच्या दक्षिणेला, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी, व्होल्प नावाची एक छोटी नदी डोंगराच्या पोटात शिरते. 1912 साली बेगुएँ कुटुंबातले तीन तरुण भाऊ घरीच जुळवलेल्या होडीत बसून त्या नदीबरोबर आत गेले. थोड्या अंतरावर होडी सोडावी लागते. मग खडकातली उभी चढण, मग पोटावर सरपटत पार करायची बोळं, मध्येच एखादं उंच दालन, पुन्हा बोळं. बरीच शोधाशोध केल्यावर ऑक्टोबरमध्ये ते गुहेच्या अगदी शेवटच्या टोकाला पोहोचले. तिथे एका शिळेला टेकवून ठेवलेले मातीचे दोन बायसन होते. बायसन म्हणजे आपल्या गव्याच्या नात्यातला, आयाळ आणि दाढी असलेला दणकट प्राणी. हे दोघे एकामागे एक, नर आणि मादी.

प्रत्येकाची लांबी साधारण साठ सेंटिमीटर. घडवणाऱ्याच्या हाताच्या खुणा त्यांच्यावर अजून शाबूत आहेत. मानेवरची आयाळ आणि दाढी एखाद्या अवजाराने कोरल्यासारखी दिसते. जबड्याची रेघ नखाने ओढलेली आहे. पाठीवरून आणि पोटावरून तळहात फिरवून माती सपाट केलेली स्पष्ट कळते. वाळताना पडलेल्या भेगा सोडल्या, तर काम काल संध्याकाळी आटोपलं असावं असं वाटतं. ते झालं 14 ते 15 हजार वर्षांपूर्वी. माती खणून आणली ती जवळच्याच एका दालनातून, आणि तिथल्या जमिनीवर टाचांचे ठसे आहेत. कोवळ्या वयाच्या मुलामाणसांच्या टाचांचे. त्यूक द'ओदुबेर नावाची ही गुहा आजही लोकांसाठी खुली नाही.

आता प्रश्न असा की इतकं कुशल काम अर्ध्या किलोमीटरहून जास्त आत, मिट्ट काळोखात, चरबीच्या दिव्यावर कुणासाठी केलं? तिथे राहण्याच्या, स्वयंपाकपाण्याच्या खुणा नाहीत. लोकांची ये-जा नाही. केलं, ठेवलं, आणि माणसं निघून गेली.

कला म्हटली की आपण बघणारा गृहीत धरतो. चित्र भिंतीवर टांगायचं, मूर्ती चौथऱ्यावर ठेवायची, समोर उभं राहून पाहायचं. शाळेतल्या चित्रकलेच्या पुस्तकापासून संग्रहालयातल्या काचेच्या कपाटापर्यंत सगळं शिक्षण आपल्याला हेच शिकवतं. मानवी कलेचा आरंभापासूनचा प्रवास या चष्म्यातून पाहिला की तो फार चुकीचा दिसतो, असं माझं स्पष्ट मत आहे. कला सुरू झाली तेव्हा, आणि त्यानंतर हजारो वर्षं, चित्राला आणि मूर्तीला काहीतरी काम नेमून दिलेलं होतं. ते काम पार पडण्यासाठी प्रेक्षकाची गरज नव्हती.

सुरुवात किती मागे जाते? दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ब्लोम्बोस नावाची गुहा आहे. तिथे गेरूच्या तुकड्यांवर तिरप्या रेघांची जाळी कोरलेली सापडली. वय सुमारे 75 हजार वर्षं. त्याच गुहेत त्याहून जुन्या, सुमारे एक लाख वर्षांपूर्वीच्या थरात शिंपल्यांत कालवलेला गेरूचा रंग आणि तो वाटायचे दगड मिळाले. म्हणजे रंग तयार करण्याची कृती माणसाला प्राण्यांची चित्रं काढण्याच्या कितीतरी आधीपासून येत होती. तो रंग अंगाला फासला, कातड्याला लावला की आणखी कशाला, हे ज्या अंगाला आणि कातड्याला लावला त्यांच्याबरोबरच गेलं. चित्रांपुरतं पाहिलं तर इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या एका गुहेतलं रानडुक्कर आणि त्याच्याभोवतीच्या मानवाकृती किमान 51,200 वर्षांच्या असल्याचं 2024 मध्ये जाहीर झालं. कलेचा जन्म युरोपात झाला ही जुनी समजूत त्यामुळे पुरती मोडीत निघाली, आणि बरं झालं.

युरोपातल्या गुहांनी मात्र एक गोष्ट फार ठळकपणे दाखवली. स्पेनमधल्या आल्तामिराच्या छतावरचे बायसन 1879 मध्ये सौतुओला नावाच्या जमीनदाराच्या आठ वर्षांच्या मुलीला, मारियाला, पहिल्यांदा दिसले. बाप जमिनीवर अवजारं शोधत होता, मुलीने मान वर केली. सौतुओलाने ही चित्रं अश्मयुगीन असल्याचं लिहिलं, तेव्हा त्या काळच्या नामवंत अभ्यासकांनी ते मानलं नाही. इतकी सफाईदार चित्रं ‘रानटी’ माणसाच्या हातून होणंच शक्य नाही, असं ते धरून चालले होते. 1888 मध्ये सौतुओला वारला. त्याच्या विरोधकांपैकी प्रमुख असलेल्या कार्तायाक यांनी 1902 मध्ये लेख लिहून आपली चूक जाहीर कबूल केली. या प्रसंगातली सौतुओलाची एकाकी बाजू वाचताना आजही जीव तुटतो.

1994 मध्ये फ्रान्सच्या आर्देश खोऱ्यात सापडलेली शोवे गुहा तर याहून दुप्पट जुनी, सुमारे 36 हजार वर्षांपूर्वीची. तिथले सिंह आणि घोडे पाइनच्या कोळशाने काढलेत. आधी भिंत खरवडून पांढरी केली, मग कोळशाची रेघ ओढली, मग बोटाने ती पुसट करत नेऊन गालाला, गळ्याला गोलाई आणली. भिंतीचा फुगवटा प्राण्याच्या खांद्याशी जुळवून घेतला. हे ज्याने केलं त्याला काळोखात हलत्या दिव्याने भिंत कशी दिसते हे नेमकं ठाऊक होतं.

बघणारे आले तेव्हा काय झालं, ते लास्कोने दाखवलं. सप्टेंबर 1940 मध्ये ही गुहा सापडली. आत सुमारे 17 हजार वर्षांपूर्वीची बैलांची, घोड्यांची, हरणांची चित्रं. एक बैल तर पाच मीटरांहून लांब. 1948 मध्ये गुहा पर्यटकांसाठी उघडली. माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब, बाष्प आणि विजेचे दिवे यांनी पंधरा वर्षांत भिंतींवर हिरवं शेवाळ धरलं, खडकावर पांढरा थर चढू लागला. 1963 मध्ये गुहा बंद करावी लागली. पुढे शेजारी तिची प्रतिकृती उभारली आणि आता लोक ती पाहतात. सतरा हजार वर्षं जे टिकलं त्याला प्रेक्षक पंधरा वर्षंही सोसले नाहीत.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. गुहेच्या काळोखातली कला आपल्याला जास्त दिसते याचं एक कारण असं, की तीच टिकली. उघड्यावरचा रंग ऊन-पावसाने धुऊन नेला. पोर्तुगालच्या कोआ नदीच्या खोऱ्यात उघड्या खडकांवर कोरलेले घोडे आणि रानबैल आहेत. धरणाच्या पाण्याखाली जाणार होते, लोकांनी आवाज उठवला आणि धरण थांबलं. म्हणजे दिवसाच्या उजेडातही माणसं चित्रं काढतच होती.

आपल्याकडे भीमबेटका पाहा. विष्णु श्रीधर वाकणकर हे नीमचच्या मराठी घरातले, उज्जैनला वावरलेले चित्रकार आणि पुरातत्त्वज्ञ. 1957 मध्ये रेल्वेने जाताना भोपाळच्या दक्षिणेला डोंगरावरचे खडक त्यांच्या नजरेत भरले, आणि त्या खडकांचा माग काढत ते तिथे पोहोचले. सातशेहून अधिक शैलाश्रय तिथे निघाले. हे आश्रय म्हणजे खोल गुहा नव्हेत. पुढे आलेल्या कपारीखाली सावली, वारा, समोर जंगल. माणसं तिथे राहत होती. इथली चित्रं तरी पाहण्यासाठीच असतील, असं वाटतं. पण भिंतीजवळ गेलं की दिसतं ते वेगळंच. पांढऱ्या रेघांच्या हरणावर गेरूचा गवा, त्यावर मिरवणुकीतले घोडेस्वार, त्यातून डोकावणारं आधीचं काहीतरी. शेजारी मोकळी भिंत असताना त्याच जागी पुन्हा पुन्हा चित्र काढलंय. आधीचं चित्र दिसेनासं होईल याची काढणाऱ्याला फिकीर नव्हती. त्याला ती जागा हवी होती.

कोकणातल्या सड्यावर हा प्रश्न आणखी वेगळ्या रूपात उभा राहतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत जांभ्याच्या उघड्या पठारावर जमिनीतच कोरलेली कातळशिल्पं आहेत. गुराख्यांना आणि गावकऱ्यांना ती ठाऊक होतीच. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव पायपीट करून ती जगापुढे आणली. 2022 मध्ये त्यांतली बारसू, कशेळी, उक्षी, देवीहसोळ, कुडोपी अशी काही स्थळं, आणि गोव्यात कुशावती नदीकाठचं फणसईमाळ, युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे. त्याच्या बाह्यरेषेच्या आत लहान प्राणी, मासे, पक्षी दाटीवाटीने कोरलेत. जांभ्याचा वरचा थर किती कठीण असतो हे त्यात विहीर खणणाऱ्याला विचारावं. तो थर फोडून, आखीव चर पाडत, इतकं प्रचंड रूप काढायचं, आणि उभं राहून बघावं तर पायाजवळच्या चार रेघांपलीकडे काही कळत नाही. आज ड्रोनमधून काढलेला फोटो पाहून आपण म्हणतो, अरे, हा हत्ती! काढणाऱ्याने हा हत्ती असा एकसंध कधीच पाहिला नसेल. तो त्याच्या चालण्यात आणि ठोकण्यात होता.

शेती आली, घरं आली, गावं वसली. तरी बघणारा लगेच आला नाही. तुर्कस्तानातल्या कोन्याजवळचं चातालहोयुक हे नऊ हजार वर्षांपूर्वीचं गजबजलेलं गाव. तिथल्या घरांच्या भिंतींना पांढऱ्या मातीचा हात वरचेवर देत. एकेका भिंतीवर असे कितीतरी थर सापडतात. मधल्या एखाद्या थरावर शिकारीचं चित्र, गिधाडं, लाल पंजे. काही काळ ते चित्र भिंतीवर राहतं आणि मग त्यावर पुन्हा पांढरा हात फिरतो. पहाटे काढलेली रांगोळी संध्याकाळी पायाखाली गेली म्हणून आपल्या घरात कुणी हळहळत नाही. तसंच काहीसं ते असावं. याच सुमारास जॉर्डनमध्ये आजच्या अम्मानजवळ ऐन ग़ज़ल या गावातल्या लोकांनी बोरूच्या जुड्यांवर चुन्याचा लेप देऊन मीटरभर उंचीची माणसं बनवली. डांबराने डोळ्यांच्या कडा काळ्या केल्या. आणि मग ही सगळी माणसं खड्डा करून, नीट रचून, पुरून टाकली. 1983 मध्ये रस्त्याच्या कामात तो खड्डा उघडा पडला, तोवर त्यांच्यावर कुणाची नजर पडली नव्हती.

इथून पुढची पायरी मला सगळ्यात विलक्षण वाटते. मूर्तीकडे कुणी बघावं हे अजून ठरलं नव्हतं, पण मूर्तीने बघावं हे मात्र ठरलं होतं.

इराकमध्ये दियाला नदीच्या परिसरात तेल अस्मर नावाचं टेकाड आहे. 1930 च्या दशकात हेन्री फ्रँकफर्ट यांच्या चमूला तिथल्या देवळाच्या जमिनीखाली बारा मूर्तींचा साठा मिळाला. इ. स. पूर्व 2900 ते 2600 च्या दरम्यानचा. सगळ्यात उंच मूर्ती 72 सेंटिमीटरची. छातीशी हात जुळवलेले, खाली झालर असलेलं वस्त्र, नागमोडी दाढी. या सगळ्यात तुमचं लक्ष खिळतं ते डोळ्यांवर. शिंपल्याचे पांढरे नेत्रगोल डांबरात बसवलेले, मध्ये काळ्या दगडाची भली मोठी बाहुली. चेहऱ्याच्या मानाने डोळे कितीतरी मोठे. या मूर्ती देवाच्या नव्हेत, भक्तांच्या आहेत. भक्ताला शेत असतं, संसार असतो, त्याला अष्टौप्रहर देवासमोर उभं राहता येत नाही. त्याच्या वतीने त्याची मूर्ती उभी राहायची आणि डोळ्याची पापणी न लववता देवाकडे पाहत राहायची. पुढे लगशचा राजा गुदेआ याने, इ. स. पूर्व 2100 च्या आसपास, कठीण काळ्या दगडात स्वतःच्या मूर्ती करून घेतल्या आणि त्यांच्या अंगावर मजकूर कोरवला. तो मजकूर मूर्तीने देवाला सांगायचा होता. देवळातली मूर्ती अशी रोजच्या चाकरीवर होती.

इजिप्तमध्ये ही कल्पना टोकाला गेली. सक्काराच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडला, इ. स. पूर्व 2650 च्या सुमाराच्या, उत्तरेकडून चिकटून दगडाची एक बंद खोली आहे. दार नाही, खिडकी नाही. आत राजा जोसेर बसलेला: चुनखडीचा, रंगवलेला, जवळजवळ माणसाच्या मापाचा. खोलीच्या पुढच्या भिंतीत, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर दोन भोकं आहेत. ती आपण आत डोकवावं म्हणून ठेवलेली नाहीत. राजाने बाहेर पाहावं, उत्तरेच्या आकाशातले न मावळणारे तारे आणि त्याच्यासाठी चाललेले विधी पाहावेत, यासाठी ती आहेत. आज पर्यटक त्या भोकाला डोळा लावतात आणि आत ठेवलेली प्रतिकृती पाहतात, मूळ मूर्ती कैरोच्या संग्रहालयात गेली. भोकाचा उपयोग आपण उलटा केला.

थडग्यांतल्या चित्रांचंही तसंच. एखाद्या थडग्यात शेताची कापणी, बदकांची शिकार, भाकरी, गाई, लोणी अशी भरगच्च चित्रं असतात. काही थडग्यांचं दर्शनी दालन नातलगांसाठी उघडं असे. पण राजांच्या खोऱ्यात भिंती रंगवून झाल्या, शव ठेवलं, दार चिणलं, की ती चित्रं कायमच्या अंधारात गेली. चित्रातली भाकरी मृताला मिळणारच होती, त्याला माणसाच्या डोळ्याची साक्ष लागत नव्हती. म्हणूनच माणूस चित्रात पूर्ण हवा. चेहरा बाजूने, डोळा समोरून, खांदे समोरून, पाय बाजूने. इजिप्शियनांना माणूस नीट काढता येत नव्हता असं कुणी म्हणालं की मला राग येतो. शरीराचा प्रत्येक भाग ज्या बाजूने सर्वांत पुरा कळतो त्या बाजूने त्यांनी काढला. एका जागी उभं राहून दिसतं तसं चित्र काढायचं तर मागचा हात लपेल, आणि लपलेला हात परलोकात मृताच्या काय कामाचा?

हे काम करणारी माणसं आपल्याला बरीच जवळून माहीत आहेत. होरेमहेब राजाचं थडगं, इ. स. पूर्व 1300 च्या सुमाराचं, अर्धवट राहिलं, आणि त्यामुळे कामाचे टप्पे भिंतीवर तसेच गोठले. एका भागात नुसती लाल रेघांची चौकट. तिच्यावर बेतलेली लाल आकृती. शेजारी वरिष्ठ कारागिराने काळ्या रेघेने केलेल्या दुरुस्त्या. पुढे कोरायला सुरुवात झालेला भाग. उभ्या माणसाची उंची तळपायापासून कपाळाच्या केसांपर्यंत 18 चौकटी, हे प्रमाण शेकडो वर्षं चाललं. ही कारागीर मंडळी नाईलच्या पश्चिम काठावर देर अल-मदीना या वस्तीत राहत. त्यांच्या हजेऱ्या, दिव्यांच्या वातींचे हिशोब, भांडणं, गमतीची चित्रं खापऱ्यांवर आणि दगडाच्या चिपांवर लिहिलेली सापडली आहेत. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या 29 व्या वर्षी त्यांना धान्याचा पगार वेळेवर मिळाला नाही, तेव्हा त्यांनी हत्यारं खाली ठेवली आणि देवळाजवळ जाऊन ठिय्या दिला. लेखी नोंद असलेला हा जगातला सर्वांत जुना संप. चित्रकार म्हणून स्वतःचं नाव भिंतीवर टाकावं असं त्यांना वाटलं नाही, पण पोटासाठी राजाला अडवावं असं मात्र वाटलं. त्या कामाची प्रत त्यांना ठाऊक होती.

आणि राणी नेफर्तीती? जगातला बहुधा सर्वांत जास्त छायाचित्रं निघालेला हा चेहरा 6 डिसेंबर 1912 रोजी अमार्ना इथे थुतमोस नावाच्या शिल्पकाराच्या कारखान्याच्या अवशेषांत मिळाला. चुनखडीचा गाभा, त्यावर जिप्समचे थर, त्यावर रंग. डाव्या डोळ्यात बाहुली नाही. सर्वसाधारण समज असा की हा कारखान्यातला नमुना होता. राणीच्या मूर्ती करताना कारागिरांनी समोर ठेवायचा. अमार्नाची राजधानी सोडून सगळे गेले तेव्हा तो तिथेच राहिला. बर्लिनमध्ये काचेमागे ज्या सौंदर्यापुढे आज रांगा लागतात, ते मुळात मापाचं साधन होतं. असं म्हटल्याने तिचं सौंदर्य कमी होत नाही. उलट त्या कारखान्यात रोजच्या कामाची पातळी काय असेल, या विचाराने छाती दडपते.

सिंधू संस्कृतीत राजाच्या मूर्ती नाहीत, कोरलेल्या लढाया नाहीत, प्रचंड असं काहीच नाही. जे उत्तम आहे ते तळहातावर मावतं. शंखजिऱ्याचे चौकोनी शिक्के साधारण दोन ते चार सेंटिमीटरचे. त्यावर वशिंड आणि पोळीच्या घड्या असलेला बैल, गेंडा, हत्ती, एकशिंगी प्राणी. कोरणाऱ्याला सगळं उलटं कोरावं लागे, कारण शिक्का ओल्या मातीवर उमटल्यावर ते सुलटं व्हायचं. मालाच्या गाठोड्याच्या दोरीवर मातीचा गोळा दाबायचा, त्यावर शिक्का उठवायचा. गाठोडं पोहोचलं की मातीचा गोळा फोडून फेकायचा. बैलाच्या पोळीची ती एकेक घडी कुणाच्या नजरेत किती वेळ राहिली असेल? तरी कोरणाऱ्याने एकही घडी टाळली नाही. मोहेंजोदडोची ‘नर्तकी’ जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची. तिची मूर्ती आधी मेणात घडली, मेणाभोवती मातीचा साचा चढला, मेण वितळून वाहून गेलं आणि त्या पोकळीत धातू शिरला. कमरेवर हात, डाव्या हातात दंडापासून मनगटापर्यंत बांगड्या, हनुवटी किंचित वर.

हीच परंपरा महाराष्ट्रात प्रवरेच्या काठी येऊन पोहोचली. 1974 मध्ये श्रीरामपूरजवळच्या दायमाबादला एक शेतकरी झाडाचं मूळ खणत असताना जमिनीत धातूच्या चार वस्तू निघाल्या: बैलजोडी जुंपलेला रथ, म्हैस, हत्ती आणि गेंडा. चारही भरीव, मिळून 60 किलोंहून जास्त वजनाच्या. रथ 45 सेंटिमीटर लांब. रथात उभा असलेला माणूस, त्याच्यापुढे दांडीवर एक कुत्रा. प्राण्यांच्या खालच्या पाटांना चाकांची सोय. अनेक अभ्यासकांच्या मते ही शिल्पं हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातली, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची. इतका जड ऐवज खेळण्यासाठी असणार नाही. कुठल्यातरी उत्सवात ओढत नेत असावेत. बैलांची वळलेली शिंगं आणि रथाच्या दांड्याचा तो लांबलचक ताण पाहिल्यावर मला वाटतं, महाराष्ट्राच्या कलेच्या कोणत्याही इतिहासाचं पहिलं पान अजिंठ्याआधी इथे उघडायला हवं.

ऐन ग़ज़लला दिसलेली मूर्ती पुरण्याची तऱ्हा पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूलाही दिसते, जिथे इजिप्त-मेसोपोटेमियाची वार्ताही नव्हती. मेक्सिकोत ला वेंता इथे ओल्मेक लोकांनी हिरव्या सर्पेंटाइनचे शेकडो तासलेले ठोकळे मांडून भलंमोठं नक्षीदार अंगण तयार केलं आणि काम होताच ते मातीखाली गाडून टाकलं. त्याच ठिकाणी 1955 मध्ये सोळा छोट्या मूर्तींचा घोळका वाळूत उभा केलेला सापडला. बहुतेक जेड आणि सर्पेंटाइनच्या. मूर्ती पुरल्यानंतर काही काळाने कुणीतरी वरून बरोबर त्याच जागी खड्डा खणून, मूर्तींच्या डोक्यांपर्यंत जाऊन, त्या जागेवर आहेत याची खात्री केली आणि खड्डा पुन्हा बुजवला, हे मातीच्या थरांवरून कळतं. चीनमध्ये पहिल्या सम्राटाचं मातीचं सैन्य इ. स. पूर्व 210 च्या सुमारास जमिनीखाली गेलं, प्रत्येक शिपायाचा चेहरा निराळा ठेवून.

मग बघणारा आला कधी? एक तारीख सांगता येणार नाही, पण त्याची चाहूल दगडात सापडते. असुरी राजांच्या राजवाड्यांच्या दारात पंख असलेले, माणसाच्या तोंडाचे प्रचंड बैल असत. खोर्साबादला दुसऱ्या सार्गोनने, इ. स. पूर्व आठव्या शतकाच्या अखेरीस, असे बैल उभारले. त्यांचे पाय मोजा, पाच निघतात. समोरून पाहिलं की दोन पाय शेजारी-शेजारी, बैल ठाम उभा. दारातून आत शिरताना बाजूने पाहिलं की चार पाय, बैल चालतोय. दोन्ही ठिकाणांहून प्राणी पुरा दिसावा म्हणून शिल्पकाराने एक पाय जास्तीचा घातला. इथे पहिल्यांदा शिल्पकार दगड कोरताना मनात एका माणसाला चालवत होता: भेदरलेला मांडलिक, खंडणी घेऊन आलेला दूत. त्याने कुठून पाहावं आणि काय वाटून घ्यावं, हे ठरलेलं होतं. सत्तेला प्रेक्षक हवा होता, आणि प्रेक्षक कलेत शिरला तो घाबरवण्यासाठी, हे मला जरा कडू वाटतं, पण तसं आहे.

ग्रीकांकडे तो वेगळ्या वाटेने आला. अथेन्सचे कुंभार आणि चित्रकार भांड्यांवर आपली नावं घालू लागले. इ. स. पूर्व 510 च्या सुमारास युथिमिदेस या चित्रकाराने एका रांजणावर लिहून ठेवलं की असं काम युफ्रोनिओसला कधी जमलं नाही. शेजारच्या कारागिराला चिमटा काढणारं हे वाक्य वाचणारा कुणी असल्याशिवाय लिहिलं जात नाही. तरी जुनी वृत्ती सुटली नव्हती: पार्थेनॉनच्या त्रिकोणी दर्शनी भागातल्या मूर्तींच्या पाठी, ज्या भिंतीकडे होत्या आणि खालून कुणालाच दिसणार नव्हत्या, त्याही पुऱ्या कोरलेल्या आहेत.

आपल्याकडे हा बदल मला भारहुतच्या स्तूपावर सर्वांत मोकळेपणाने झालेला दिसतो. मध्य प्रदेशातल्या सतना जिल्ह्यातला हा स्तूप अलेक्झांडर कनिंगहॅम यांना 1873 मध्ये सापडला. त्याचा दगडी कठडा आज बराचसा कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. काळ इ. स. पूर्व दुसरं-पहिलं शतक. लोक स्तूपाला प्रदक्षिणा घालत आणि चालता चालता कठड्यावरच्या गोष्टी पाहत. एका वर्तुळात अनाथपिंडिक हा व्यापारी जेतवन विकत घेतोय. बागेची जमीन झाकेल इतकी नाणी किंमत म्हणून द्यायची, असा सौदा. बैलगाडी सोडलेली, बैल बाजूला विसावलेले, माणसं चौकोनी नाणी जमिनीवर एकाला एक लावून मांडताहेत, आणि मध्ये व्यापारी हातात झारी घेऊन दानाचं पाणी सोडायला उभा. खाली ब्राह्मीत हा प्रसंग काय आहे ते लिहिलेलं आहे. अशा नावांच्या पट्ट्या अनेक शिल्पांना आहेत, कारण पाहणाऱ्याला गोष्ट कळली पाहिजे, कळली नाही तर दुसऱ्याने वाचून सांगितली पाहिजे.

आणि या कठड्याला पैसे कुणी दिले, तेही खांबांवर आणि आडव्या दगडांवर कोरलेलं आहे. राजांपेक्षा त्यात भिक्षू, भिक्षुणी आणि साधे गृहस्थच जास्त. एका लेखात करहाकट, म्हणजे आपलं कऱ्हाड, इथल्या निगमाचं दान नोंदवलंय. दुसऱ्या एका खांबावर लिहिलंय की तो नाशिकच्या गोरक्षितेने दिला, वसुकाच्या बायकोने.